मेल रिलेवर हेडर बदलायचंय? आधी टप्पा ठरवा, पॅटर्न नंतर

रिले सर्व्हरवर, म्हणजे मेल पुढे पोचवणाऱ्या सर्व्हरवर, एखादं हेडर (मेलच्या वरच्या भागातली ‘नाव: किंमत’ अशी ओळ) काढायचं, बदलायचं किंवा नवं घालायचं, हे काम एका ओळीचं वाटतं. पॅटर्न लिहिला, पुढे कृती लिहिली, सर्व्हर रीलोड केला की संपलं. नंतर कळतं की पलीकडच्या सर्व्हरवर डीकिमची सही (मेल वाटेत बदलला नाही हे दाखवणारी डिजिटल सही) नापास होतेय, किंवा स्पॅमची तक्रार म्हणून जोडून पाठवलेल्या मेलमधला पुरावाच पुसला गेलाय, किंवा एकच हेडर तीनदा लागलंय. अशा वेळी पॅटर्न बहुतेकदा ठीकच असतो. नियम चुकीच्या टप्प्यावर बसवलेला असतो. म्हणून इथे रेग्युलर एक्स्प्रेशनपेक्षा, म्हणजे पॅटर्न लिहिण्याच्या भाषेपेक्षा, टप्प्यांबद्दल जास्त लिहिलं आहे.

उदाहरणं पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची आहेत. सेटिंगची आणि कृतींची नावं देवनागरीत दिली आहेत. फाइलीत ती मूळ रोमन लिपीतच लिहायची, आणि सेटिंगच्या नावात शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर द्यायचा.

मेल कोणत्या वाटेने जातो

बाहेरून आलेला मेल एसएमटीपीडी हा पोस्टफिक्सचा मेल स्वीकारणारा भाग घेतो, त्यावर आपलं रिसीव्ह्ड हेडर (मेल कुठून, कधी आला याची नोंद) चढवतो आणि क्लीनअप या पुढच्या भागाकडे सोपवतो. हेडरमधले बहुतेक बदल या क्लीनअपमध्ये होतात, आणि तिथला क्रम ठरलेला आहे. आधी हेडर चेक्सचे, म्हणजे पॅटर्न आणि कृतीच्या तक्त्यातले, नियम लागतात, मग मेसेज ड्रॉप हेडर्स या यादीतली हेडर्स गळतात, आणि त्यानंतर मजकूर मिल्टरसमोर जातो. मिल्टर म्हणजे मेल तपासणारा, बदलणारा किंवा सही करणारा वेगळा प्रोग्रॅम: ओपनडीकिम, आरस्पॅमडी किंवा तुम्ही स्वतः लिहिलेला. हे सगळं झालं की मेल क्यूमध्ये, म्हणजे रांगेत, पडतो. क्यूमधून बाहेर पाठवताना एसएमटीपी क्लायंट काम करतो आणि तिथे दुसरी संधी मिळते: एसएमटीपी हेडर चेक्स. ही सोय पोस्टफिक्स २.५ पासून आहे.

या क्रमातून तीन गोष्टी आपोआप निघतात. हेडर चेक्समधला बदल सही होण्याआधी होतो, त्यामुळे आपल्याच सर्व्हरवर सही होणाऱ्या मेलसाठी तो निर्धोक आहे. एसएमटीपी हेडर चेक्समधला बदल सहीनंतर होतो, त्यामुळे सहीत नसलेल्या हेडरपुरताच तो चालतो. आणि मिल्टरने घातलेलं हेडर हेडर चेक्सला दिसतच नाही, कारण ते नंतर येतं. त्यासाठी मिल्टर हेडर चेक्स नावाचं वेगळं सेटिंग आहे, पोस्टफिक्स २.७ पासून.

डीकिमच्या सहीत एच हा टॅग असतो आणि सही कोणत्या हेडर्सवर आहे त्यांची यादी त्यात असते. फ्रॉम त्यात असावंच लागतं. सब्जेक्ट, डेट, टू, मेसेज-आयडी, मिमे-व्हर्जन, कंटेंट-टाइप हेही बहुधा असतात. रिसीव्ह्ड सहसा नसतं. कॅनॉनिकलायझेशन (सहीआधी मजकूर ठराविक रूपात आणणं) रिलॅक्स्ड असेल तर मोकळ्या जागा, ओळ मोडण्याची पद्धत आणि हेडरच्या नावातली लहानमोठी अक्षरं बदललेली चालतात. त्यापलीकडे एक अक्षरही चालत नाही. काही सर्व्हर एच टॅगमध्ये एकाच हेडरचं नाव प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा एकदा जास्त लिहितात, ज्याला ओव्हरसाइनिंग म्हणतात. अशा मेलला तुम्ही दुसरं रिप्लाय-टू नुसतं जोडलंत तरी सही तुटते, मग मूळ हेडरला हातही लावलेला नसो. म्हणजे दुसऱ्याने सही केलेला मेल तुमच्या रिलेवरून फक्त पुढे जात असेल, तर आधी त्याचा एच टॅग वाचायचा.

नियम लिहिताना

तक्त्याचे दोन प्रकार वापरात आहेत, रेगएक्स्प आणि पीसीआरई. पीसीआरई घ्या. डेबियनच्या कुटुंबात त्यासाठी पोस्टफिक्स-पीसीआरई हे वेगळं पॅकेज टाकावं लागतं. ते नसताना सेटिंगमध्ये पीसीआरई लिहिलंत तर तक्त्याचा प्रकारच ओळखता येत नाही आणि मेल तात्पुरत्या नकारात अडकतात.

नियमाचं रूप असं (इग्नोर म्हणजे ते हेडर काढून टाका):

/^एक्स-ऑरिजिनेटिंग-आयपी:/ इग्नोर

लहानमोठ्या अक्षरांचा फरक दोन्ही प्रकारांत मुळातच धरला जात नाही. त्यासाठी शेवटी आय जोडू नका. तो जोडल्यावर उलट फरक धरला जायला लागतो. हेडर अनेक ओळींवर मोडलेलं असलं तरी नियमापुढे ते एकसंध येतं, मधल्या नव्या ओळींसकट. पीसीआरईमध्ये टिंब या नव्या ओळींनाही जुळतं, त्यामुळे टिंब-तारा हे पूर्ण हेडर गिळून टाकतं. फक्त पहिली ओळ हवी असेल तर चौकटी कंसात ‘नवी ओळ सोडून काहीही’ असं लिहावं लागतं.

सुरुवातीचं टोपीचं चिन्ह आणि नावापुढचा कोलन, या दोन्हींशिवाय एकही नियम लिहू नये असं माझं ठाम मत आहे. नुसतं रिसीव्ह्ड एवढाच पॅटर्न ठेवून इग्नोर केलंत, तर ज्या मेलच्या विषयात ‘पेमेंट रिसीव्ह्ड’ असेल त्याचा विषयच उडतो. टोपी दिली पण कोलन विसरलात, तर रिसीव्ह्ड-एसपीएफ हे वेगळं हेडरही सोबत जातं.

एका हेडरवर पहिला जुळणारा नियम चालतो आणि काम पुढच्या हेडरकडे जातं. त्यामुळे एकाच हेडरची आधी प्रत ठेवायची आणि मग मूळ बदलायचं, असं एका तक्त्यात जमत नाही. प्रीपेंड (आधी नवं हेडर जोडणं) लागला की रिप्लेसची (हेडर बदलण्याची) पाळी येतच नाही. मार्ग असा की क्लीनअपमधल्या हेडर चेक्समध्ये प्रीपेंडने जुनी किंमत नव्या नावाखाली ठेवायची आणि बाहेर पाठवताना एसएमटीपी हेडर चेक्समध्ये रिप्लेस करायचं. ते हेडर सहीत असेल तर हा मार्ग बंद, मग मिल्टरच हवा.

दोन हेडर्स मिळून अट घालता येत नाही. ‘फ्रॉम हे असेल आणि सब्जेक्ट ते असेल तर’ अशी अट हेडर चेक्सच्या आवाक्यात नाही, कारण एका ओळीवरचा निर्णय पुढच्या ओळीसाठी लक्षात राहत नाही. इफ आणि एंडिफ मिळतात, पण ते त्याच एका हेडरपुरते. पाकिटावरचा, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात तो, पाठवणारा आणि घेणारा इथे दिसत नाहीत.

नुसतं नावाने हेडर गाळायचं असेल तर रेग्युलर एक्स्प्रेशनची गरजही नाही. पोस्टफिक्स ३.० पासून मेसेज ड्रॉप हेडर्स या यादीत नाव टाकलं की पुरतं. मात्र या यादीची मूळ किंमत रिकामी नाही. तिच्यात बीसीसी, कंटेंट-लेंग्थ, रीसेंट-बीसीसी आणि रिटर्न-पाथ असतात. तुम्ही फक्त आपलं नाव लिहून यादी बदललीत, तर बीसीसी गाळणं थांबतं आणि गुप्त ठेवलेले पत्ते सगळ्यांना दिसतात. आपलं नाव जोडताना मूळ चारही नावं पुन्हा लिहा.

रिसीव्ह्ड काढायचं की झाकायचं

हेडर बदलण्याचं सर्वांत सामान्य कारण म्हणजे आतल्या नेटवर्कची माहिती बाहेर जाऊ न देणं. आतल्या यंत्रांचे आयपी पत्ते, त्यांची नावं, मेल क्लायंटची आवृत्ती हे सगळं रिसीव्ह्ड, यूजर-एजंट, एक्स-मेलर आणि एक्स-ऑरिजिनेटिंग-आयपी यांतून बाहेर पडतं. वेबसाइटवरून पीएचपीने पाठवलेल्या मेलमध्ये एक्स-पीएचपी-ओरिजिनेटिंग-स्क्रिप्ट असू शकतं, आणि त्यात स्क्रिप्टच्या फाइलीचं नाव असतं. रिसीव्ह्ड सोडून बाकीची निःसंकोच गाळा.

रिसीव्ह्डचा विचार वेगळा. आरएफसी ५३२१ हे मेलचं मानक स्पष्ट सांगतं की आधीच्या सर्व्हरने लावलेलं रिसीव्ह्ड बदलू किंवा काढू नये. त्यामागे ठोस कारण आहे: मेल दोन सर्व्हरमध्ये गरगरत राहिला तर तो ओळखण्याचा आधार या ओळींची संख्या हाच असतो. पोस्टफिक्समध्ये हॉपकाउंट लिमिट मुळात ५० आहे. त्याहून जास्त रिसीव्ह्ड दिसली की मेल परत जातो. प्रत्येक फेरीत तुम्ही सगळी रिसीव्ह्ड पुसत असाल तर मोजणी कधी ५० पर्यंत पोचतच नाही. एक चुकीची एमएक्स नोंद (डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरकडे जावा ते सांगणारी) पुरते, दोन्ही सर्व्हर एकमेकांना तोच मेल देत बसतात.

म्हणून ओळ ठेवायची आणि तिच्यातला खाजगी भागच झाकायचा. पोस्टफिक्सच्या रिसीव्ह्डची पहिली ओळ ‘फ्रॉम’पासून सुरू होते आणि तिच्यात क्लायंटने सांगितलेलं नाव, कंसात उलट शोधातून मिळालेलं नाव आणि चौकटी कंसात आयपी असतो. पुढच्या ओळींत टीएलएसची माहिती, ‘बाय’नंतर आपल्या सर्व्हरचं नाव, क्यू आयडी आणि तारीख. नियम असा लिहायचा:

/^(रिसीव्ह्ड: फ्रॉम) [^\n]*(.*)$/ रिप्लेस $१ रिले.एक्झाम्पल.कॉम$२

पहिली ओळ रिलेच्या नावाने बदलते, बाकी ओळी जशाच्या तशा राहतात. क्यू आयडी टिकतो, त्यामुळे उद्या तक्रार आली तर लॉगमध्ये मेल शोधता येतो. आयपी लपवायचा पण माग काढता यावा, हे दोन्ही यात साधतं. बऱ्याच ठिकाणी इथे १२७.०.०.१ लिहितात. मला ते पटत नाही. मेल त्या पत्त्यावरून आलेला नसतो, आणि नंतर हेडर वाचणाऱ्याची उगाच दिशाभूल होते.

एक खबरदारी: रिसीव्ह्डमध्ये ‘ऑथेंटिकेटेड सेंडर’ ही ओळही असू शकते. ती येते की नाही हे एसएमटीपीडी एसएएसएल ऑथेंटिकेटेड हेडर या सेटिंगवर ठरतं. मुळात ते बंद असतं. कुणी चालू केलं असेल तर लॉगिनचं नाव बाहेर जातंय. ते नियमाने झाकत बसण्यापेक्षा सेटिंगच बंद करा.

हा नियम सगळ्या मेलना लावू नका

वरचा नियम मेन डॉट सीएफ या मुख्य सेटिंग फाइलीत टाकलात तर तो येणाऱ्या मेलनाही लागतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक रिसीव्ह्डची पहिली ओळ तुमच्या रिलेच्या नावाने बदलते, आणि स्पॅम फिल्टरला मेल खरा कुठून आला हे कळेनासं होतं. नियम फक्त आपल्या माणसांनी आणि यंत्रांनी पाठवलेल्या मेलसाठी हवा.

त्यासाठी मास्टर डॉट सीएफमध्ये (पोस्टफिक्सचे भाग कसे चालवायचे ते सांगणारी फाइल) क्लीनअपची दुसरी प्रत तयार करायची. मूळ क्लीनअपच्या ओळीची नक्कल घ्या, पहिल्या रकान्यात नवं नाव द्या, समजा सबक्लीनअप, आणि शेवटच्या रकान्यात क्लीनअप तसंच ठेवा. त्यापूर्वीच्या रकान्यात प्रक्रियांच्या संख्येसाठी ० असतो, म्हणजे मर्यादा नाही. तोही तसाच राहू द्या. खाली मोकळी जागा सोडून वजा-ओ (त्या भागापुरतं सेटिंग बदलणारा पर्याय) लावून हेडर चेक्सला वेगळ्या फाइलीकडे वळवा. मग सबमिशनच्या (आपले वापरकर्ते मेल पाठवतात त्या), म्हणजे ५८७ पोर्टच्या आणि असल्यास ४६५ च्या ओळीखाली वजा-ओ लावून क्लीनअप सर्व्हिस नेम बरोबर सबक्लीनअप लिहा. आतली यंत्रं पासवर्ड न देता २५ वर मेल टाकत असतील तर त्यांच्यासाठी आतल्या आयपीवर वेगळा एसएमटीपीडी उघडून त्यालाही हेच द्या.

आतल्या शाखांमध्ये मेल जाताना हेडर्स पूर्ण हवी आणि बाहेर जाताना झाकलेली, अशीही गरज असते. तेव्हा क्लीनअपचा उपयोग नाही, कारण त्या टप्प्यावर मेल कुठे जाणार हे नियमाला कळत नाही. मास्टर डॉट सीएफमध्ये एसएमटीपी ट्रान्सपोर्टची दुसरी प्रत करून तिला वजा-ओ लावून एसएमटीपी हेडर चेक्स द्यायचे, आणि ट्रान्सपोर्ट मॅप्समधून ठरवायचं की कोणता डोमेन कोणत्या प्रतीतून जाईल. तिथे इग्नोर, स्ट्रिप, रिप्लेस, प्रीपेंड, वॉर्न या कृती चालतात. होल्ड, रिजेक्ट, रीडायरेक्ट अशा वाट बदलणाऱ्या कृती चालत नाहीत.

जोडलेल्या मेलचं काय होतं

यात अनुभवी माणसंही फसतात. मिमे हेडर चेक्स आणि नेस्टेड हेडर चेक्स ही दोन सेटिंग मुळात हेडर चेक्सचीच किंमत घेतात. नेस्टेड म्हणजे मेलच्या आत जोडलेल्या मेलची हेडर्स. कुणी स्पॅमचा नमुना जोडून तुमच्या रिलेमार्फत तक्रार पाठवली, की तुमचा रिसीव्ह्डचा नियम त्या नमुन्याच्या आतही शिरतो आणि मूळ आयपी पुसतो. तक्रार घेणाऱ्याच्या हातात काहीच उरत नाही.

शिवाय डीकिमच्या दृष्टीने आत जोडलेली हेडर्स हा मेलचा मुख्य मजकूर आहे, हेडर नव्हे. दुसऱ्याने सही केलेल्या मेलमध्ये तिथे बदल झाला की बीएच टॅगमधला (मुख्य मजकुराचा) हॅश जुळत नाही. वरवर पाहता कोणतंही हेडर बदललेलं दिसत नाही, आणि तरी सही मजकुराच्या कारणाने नापास. असा निकाल दिसला की सर्वांत आधी नेस्टेड हेडर चेक्स तपासा.

उपाय एका ओळीचा आहे: नेस्टेड हेडर चेक्स बरोबर, आणि पुढे काही नाही. मिमे हेडर चेक्सलाही, जोडलेल्या फाइलींच्या नावांवर नियम चालवत नसाल तर, तसंच रिकामं ठेवा. वेगळी क्लीनअप प्रत केली असेल तर तिथेही.

नवं हेडर घालणं

हेडर चेक्समधून हेडर घालायचं तर प्रीपेंडला टेकायला दुसरं हेडर लागतं. ते प्रत्येक मेलमध्ये असावं आणि एकदाच असावं. रिसीव्ह्डला टेकवलंत तर जितकी रिसीव्ह्ड तितक्यांदा नवं हेडर. मेसेज-आयडीला टेकवलंत तर ज्या मेलमध्ये तो नाही तिथे काहीच लागत नाही, कारण क्लीनअपने स्वतः भरलेली हेडर्स हेडर चेक्समधून जात नाहीत.

मेसेज-आयडी नसलेले मेल रिलेवर बरेच येतात. स्कॅनर, यूपीएस, जुनी देखरेखीची सॉफ्टवेअर यांना डेट आणि मेसेज-आयडीचं भान नसतं. पोस्टफिक्स ही हेडर्स भरून देऊ शकतो, पण २.६ पासून मुळात फक्त त्याच यंत्रावरून आलेल्या मेलसाठी. दुसऱ्या यंत्रावरून आलेल्या मेलला ती हवी असतील तर लोकल हेडर रीराइट क्लायंट्समध्ये परमिट मायनेटवर्क्स (आपल्या नेटवर्कमधली यंत्रं) घाला, किंवा ऑलवेज ॲड मिसिंग हेडर्स चालू करा. रिलेवर पहिला पर्याय बरा. बाहेरच्यांच्या मेलमध्ये आपण कशाला भर घालायची?

प्रत्येक मेलला हमखास एकदाच हेडर लावायचं असेल तर एसएमटीपीडीच्या ॲक्सेस तक्त्यातला प्रीपेंड वापरा. फक्त तो रेसिपियंट रिस्ट्रिक्शन्समध्ये ठेवू नका. ती तपासणी प्रत्येक पत्त्यामागे चालते, त्यामुळे १० जणांना पाठवलेल्या मेलवर तेच हेडर १० वेळा चढतं. एसएमटीपीडी डेटा रिस्ट्रिक्शन्समध्ये ठेवला की मेलमागे एकदाच चालतो. एंड ऑफ डेटा रिस्ट्रिक्शन्समध्ये मात्र प्रीपेंड चालत नाही, तोवर मजकूर येऊन गेलेला असतो.

हेडर दोनदा लागण्याचं आणखी एक कारण क्यूनंतरचा फिल्टर. मेल अमाविससारख्या फिल्टरकडे जातो आणि १००२५ सारख्या पोर्टवरून परत आत येतो, की क्लीनअप दुसऱ्यांदा चालतं. परत घेणाऱ्या एसएमटीपीडीला रिसीव्ह ओव्हरराइड ऑप्शन्समध्ये नो हेडर बॉडी चेक्स द्या, आणि तिथे मिल्टरही नको असतील तर नो मिल्टर्स.

हीच गोष्ट ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स या, सह्यांच्या तपासणीचा निकाल नोंदवणाऱ्या, हेडरसाठी फार महत्त्वाची आहे. आरएफसी ८६०१ प्रमाणे बाहेरून आलेल्या मेलमध्ये तुमच्याच सर्व्हरच्या नावाचं ऑथेंटिकेशन-रिझल्ट्स असेल तर ते बनावट समजून काढायचं. हेडर चेक्सचा क्रम इथे उपयोगी पडतो: बाहेरून आलेलं बनावट हेडर आधी गळतं आणि तुमच्या मिल्टरने घातलेलं खरं नंतर येऊन टिकतं. पण क्यूनंतरचा फिल्टर असेल आणि वरचं सेटिंग विसरलात, तर दुसऱ्या फेरीत तुमचं खरं हेडरही त्याच नियमात सापडून जातं.

विषयाला टॅग, आणि देवनागरी विषय

‘हा मेल बाहेरून आला आहे’ असा टॅग विषयाच्या सुरुवातीला लावायची मागणी नेहमी येते. रिप्लेसने ते होतं, पण सब्जेक्ट जवळपास नेहमी सहीत असतो, त्यामुळे पाठवणाऱ्याची डीकिम सही तुटते. टॅग लावायचाच असेल तर तपासणी आधी, निकाल ऑथेंटिकेशन-रिझल्ट्समध्ये, मग टॅग, असा क्रम पाळावा लागतो. हेडर चेक्स मिल्टरच्या आधी चालत असल्याने तिथे टॅग लावला की तपासणारा मिल्टर आधीच बदललेला विषय पाहतो आणि चांगल्या मेललाही नापास ठरवतो. म्हणून येणाऱ्या मेलचा टॅग तपासणाऱ्या मिल्टरच्या नंतरच्या मिल्टरमध्ये लावा.

रोमन सोडून दुसऱ्या लिपीतला विषय हेडरमध्ये सहसा उघडा नसतो. आरएफसी २०४७ प्रमाणे तो सांकेतिक तुकड्यांत असतो, प्रत्येक तुकडा जास्तीत जास्त ७५ अक्षरांचा, आणि नियम त्या सांकेतिक रूपावरच चालतो. म्हणजे विषयात मराठी शब्द शोधायला तो शब्द पॅटर्नमध्ये लिहून उपयोग नाही. बेस६४ या सांकेतिक पद्धतीत देवनागरी मजकुराने सुरू होणारा तुकडा चार-के-एस किंवा चार-के-डब्ल्यू या तीन चिन्हांनी सुरू होतो, कारण यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइटचं असतं, पहिला बाइट ठरलेला असतो आणि दुसरा दोनच किमतींपैकी एक असतो. लिपी ओळखायला एवढं पुरतं. शब्द ओळखायला नाही, कारण मध्ये एक मोकळी जागा आली की तीन-तीनची विभागणी सरकते आणि तोच शब्द वेगळ्याच चिन्हांत दिसतो.

टॅग देवनागरीत हवा असेल तर रिप्लेसमध्ये उघडी अक्षरं लिहू नका. टॅगचाही सांकेतिक तुकडा करून घाला, आणि टॅगनंतरची मोकळी जागा त्या तुकड्याच्या आतच सांकेतिक करून ठेवा. दोन सांकेतिक तुकड्यांमधली उघडी जागा दाखवताना गाळली जाते, त्यामुळे टॅग आणि विषय चिकटून दिसतात.

उत्तरं-प्रत्युत्तरांत टॅग पुन्हा पुन्हा लागू नये म्हणून आधीच्या ओळीत ‘टॅग असेल तर डनो’ (म्हणजे काही करू नका) असा नियम ठेवतात. रोमन विषयासाठी तो चालतो. पण विषय देवनागरी असेल तर उत्तर देणारा क्लायंट पूर्ण ओळ नव्याने बेस६४ करू शकतो, टॅग तिच्यात दडतो आणि दुसरा लागतो. आधी उलगडा करून मग पाहणं मिल्टरलाच जमतं.

पत्ते बदलायला हेडर चेक्स नको

फ्रॉममधला आतला डोमेन बाहेरच्या डोमेनने बदलायला रिप्लेस वापरलेला दिसतो. नावातली अवतरणचिन्हं, स्वल्पविराम, एकाहून जास्त पत्ते या सगळ्यात तो मोडतो, आणि पाकिटावरचा पाठवणारा जुनाच राहतो. कॅनॉनिकल मॅप्स वापरा. ते पत्ता नीट ओळखून पाकीट आणि हेडर दोन्ही बदलतात, आणि क्लीनअपमध्ये, म्हणजे सहीच्या आधी, चालतात. जेनेरिक मॅप्सही आकर्षक दिसतात, पण ते एसएमटीपी क्लायंटमध्ये, सहीनंतर लागतात. सही त्याच सर्व्हरवर होत असेल तर ते टाळा.

कॅनॉनिकल लावूनही पाकीट बदललं आणि हेडर नाही, असं झालं तर कारण पुन्हा लोकल हेडर रीराइट क्लायंट्स. त्या यादीत न बसणाऱ्या क्लायंटच्या मेलमधली हेडर्स पोस्टफिक्स मुद्दाम बदलत नाही.

मिल्टर लिहायची वेळ आली तर

अट दोन हेडर्सची असेल, पाकीट पाहायचं असेल किंवा विषय उलगडायचा असेल, तर मिल्टर लागतोच. पायथॉनमध्ये पायमिल्टर आहे. हेडर बदलताना नाव आणि त्या नावाचा कितवा, असे दोन्ही द्यावे लागतात आणि मोजणी १ पासून असते. रिकामी किंमत दिली की ते हेडर निघतं. एकाच नावाची अनेक काढायची असतील तर शेवटच्या क्रमांकापासून मागे या, म्हणजे क्रमांक सरकण्याचा प्रश्न उरत नाही. आपल्याच पोस्टफिक्सने चढवलेलं सर्वांत वरचं रिसीव्ह्ड मिल्टरला दाखवलं जात नाही. त्यावरचं काम हेडर चेक्समध्येच करा.

मिल्टर यादीतल्या क्रमाने चालतात आणि पुढच्याला आधीच्याचे बदल दिसतात. सही करणारा शेवटी ठेवा. मिल्टर डिफॉल्ट ॲक्शन मुळात टेम्पफेल असते. मिल्टर पडला तर मेल थांबतात, हरवत नाहीत. सही करणाऱ्या मिल्टरसाठी हेच योग्य आहे, कारण ॲक्सेप्ट ठेवलंत तर सहीविना मेल बाहेर जातात. क्रॉन किंवा सेंडमेल आज्ञेने निघालेल्या मेलसाठी नॉन एसएमटीपीडी मिल्टर्स वेगळे लिहावे लागतात.

एक्झिम हा दुसरा मेल सर्व्हर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: ट्रान्सपोर्टवर हेडर्स रिमूव्ह आणि हेडर्स ॲड हे दोन पर्याय आहेत. काढणं मूळ हेडरपुरतं असतं, त्यामुळे एकाच नावाने दोन्ही लिहिले की बदल होतो. डीकिम सही तिथे ट्रान्सपोर्टमध्येच, या बदलांनंतर होते, त्यामुळे सही तुटण्याची वरची अडचण तिथे येत नाही.

तपासणी

तक्ता चालतो का हे मेल न पाठवता कळतं. पोस्टमॅप या आज्ञेला वजा-एच आणि वजा-क्यू देऊन एखाद्या साठवलेल्या मेलची फाइल पुरवा. तो हेडर वेगळी करून प्रत्येकावर कोणती कृती लागते ते दाखवतो. वजा-एच न देता चालवलंत तर मोडलेल्या ओळी सुट्या धरल्या जातात आणि निकाल फसवा येतो. पीसीआरई फाइलीचा डेटाबेस बनवावा लागत नाही, पोस्टफिक्स रीलोड पुरे. रीलोडनंतर मेल लॉग वाचा: पॅटर्नमध्ये चूक असलेली ओळ इशारा देऊन सोडली जाते आणि बाकीचे नियम चालू राहतात, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं.

खऱ्या वाहतुकीवर आधी इग्नोरच्या जागी वॉर्न लावा. लॉगमध्ये हेडर, पाठवणारा आणि घेणारा दिसतो आणि मेलला धक्का लागत नाही. नको ते जुळत नाही याची खात्री झाली की कृती बदला. पोस्टफिक्स ३.२ पासून स्ट्रिप आहे. तो इग्नोरसारखंच काढतो पण लॉगमध्ये नोंद ठेवतो. रोजच्या वापरात मी इग्नोरऐवजी तोच सुचवेन.

मधला टप्पा पाहायला एका ठराविक चाचणी हेडरवर होल्डचा नियम ठेवा, स्वॅक्स या चाचणी मेल पाठवणाऱ्या साधनाने ते हेडर घालून मेल पाठवा आणि तो क्यूमध्ये थांबला की पोस्टकॅट वजा-एच वजा-क्यू आणि क्यू आयडी देऊन हेडर्स वाचा. इथे हेडर चेक्सचा आणि मिल्टरचा परिणाम दिसतो. एसएमटीपी हेडर चेक्सचा दिसत नाही, तो पोचलेल्या मेलच्या मूळ मजकुरातच पाहावा लागतो. तिथेच डीकिमचा निकालही वाचा. मेल सोडायला पोस्टसुपर मोठा वजा-एच, टाकायला वजा-डी.

बाउन्सच्या (मेल पोचला नाही हे कळवणाऱ्या) मेलवर हे नियम लागलेले दिसले नाहीत तर शोधाशोध करू नका. पोस्टफिक्सने स्वतः तयार केलेले मेल मुळात हेडर चेक्स आणि मिल्टर या दोन्हींतून वगळलेले असतात. त्यांवरही सही किंवा नियम हवे असतील तर इंटर्नल मेल फिल्टर क्लासेसमध्ये बाउन्स लिहा, आणि त्याआधी तक्त्यात रिजेक्टचा एकही नियम त्यांना जुळत नाही ना हे पोस्टमॅपने पाहून घ्या.